गेटसमोरच्या भिंतीवरचा फोटो: वर्षश्राद्ध चारचौघांत का नको?

वेळाचेरीकर (धागा सुरू करणारा)
चेन्नईत सहा वर्षं झाली, पण हा विषय परवा पहिल्यांदा डोक्यात गेला. आमच्या गेटसमोर इस्त्रीची गाडी लावणारे अण्णा मागच्या वर्षी वारले. परवा सकाळी समोरच्या कंपाउंडवर पोस्टर, टीव्हीएवढा फोटो, वर मोठ्या अक्षरात "कण्णीर अंजली" म्हणजे अश्रूंची श्रद्धांजली, खाली "मुदलाम् आण्डु निनैवु नाळ", पहिला स्मृतिदिन. फोटोच्या दोन बाजूंना दोन तारखा, एकीवर "तोट्रम" आणि दुसरीवर "मरैवु". जन्म-मृत्यू नाही लिहीत इथे, दिसणं आणि दिसेनासं होणं लिहितात. मला हे फार आवडलं. खाली मुलं, सुना, नातवंडं आणि मग चौकातल्या ऑटो स्टँडवाल्यांची नावं.

सोसायटीच्या ग्रुपवर लगेच सुरू, घाण दिसतं, पाहुणे येतात, काढायला सांगा. एकाने तर लिहिलं की दुःख घरात करावं. आता गंमत अशी की साडेचार वर्षं मी त्यांना कपडे देत होतो आणि त्यांचं नाव मला त्या पोस्टरवरून कळलं, तेही चौथ्या मजल्यावरच्या शाळकरी पोरीकडून वाचून घेतलं. ज्याचं सगळं आयुष्य रस्त्यावर गेलं त्याची आठवण रस्त्यावरच काढणार ना? आणि याच सोसायटीतले लोक इंग्रजी पेपरात चौकोनी फोटो आणि खाली चार ओळी दरवर्षी पैसे भरून छापतात. ते सुसंस्कृत आणि हे घाण?

पेठेतला_पोपट
इमोशनल होऊ नका राव. आपल्याकडे हेच चाललंय की, "प्रथम पुण्यस्मरण", "शोकाकुल समस्त अमुक परिवार" आणि खाली हात जोडलेला भावी नगरसेवक. मेलेला माणूस कोपऱ्यात आणि भावी नगरसेवक मध्यभागी. तामिळनाडूत तर पक्षांचा सुळसुळाट, तिथे काय वेगळं असणार? आठवण ही देवघरात दिवा लावून, पान वाढून काढायची गोष्ट आहे. भिंतीवर लावली की ती जाहिरात झाली.

फ्लेक्सग्रस्त
+1 पोपट. आणि चेन्नईवाल्यांनी तरी फ्लेक्सचं कौतुक करू नये. 2019 च्या सप्टेंबरमध्ये पल्लिकरणैला बेकायदा बॅनर स्कूटरवरच्या 23 वर्षांच्या मुलीवर पडला आणि मागून आलेल्या टँकरखाली ती गेली. वेळाचेरीपासून किती लांब आहे हो ते?

वेळाचेरीकर
लांब नाहीच, रोजचा रस्ता आहे तो. पण तो बॅनर एका पक्षाच्या माणसाच्या घरच्या लग्नाचा होता. मी खळ लावून चिकटवलेल्या कागदाबद्दल बोलतोय, दोन पावसात जातो तो. आणि मद्रास हायकोर्टाने 2017 च्या ऑक्टोबरमध्ये बॅनरवर जिवंत माणसांचे फोटो लावू नका असा आदेश दिला होता. म्हणजे कोर्टाला पण त्रास जिवंतांचाच होता.

कावेरीकाठ
मी तंजावरची, घरात आमची ती जुनी मराठी बोलतात त्यातली. म्हणून दोन शब्द. "तमिळ लोक असं करतात" असं सरसकट बोलू नका प्लीज. आमच्या शेजारच्या अय्यर मामींकडे दिवसम् म्हणजे वर्षश्राद्ध असतं, ते तिथीने, घरातल्या घरात, भटजी, तर्पण, आणि त्या दिवशी स्वयंपाकात काय चालतं काय नाही याचे शंभर नियम. बाहेर कुणाला पत्ता नाही. आडी आणि तै या तमिळ महिन्यांच्या अमावास्येला श्रीरंगमच्या अम्मा मंडपम घाटावर जा, हजारो लोक एकाच वेळी आपापल्या माणसाला पाणी सोडत असतात, तेही चारचौघांतच झालं की, फक्त तिथे फोटो नसतो. पोस्टरवाली घरं वेगळी, इंग्रजी पेपरवाली वेगळी. "दिनत्तंदी" या तमिळ पेपरात स्मृतिदिनाची जाहिरात देणारा माणूस पोस्टरपण लावेल, पण अय्यर मामी नाही लावणार. वेळाचेरीकरांच्या सोसायटीत भांडण स्वच्छतेचं नाहीये, ते कोण कुठल्या घरचा याचं आहे.

आणि पोपटभाऊ, जाहिरात म्हणाल तर आमच्या तंजावरच्या सरफोजी राजांनी पण केलीच. मुक्तांबाळ नावाची त्यांची आवडती बाई वारली तर 1800 च्या सुमारास ओरत्तनाडला तिच्या नावाने छत्रम् बांधलं, वाटसरूंना जेवायला घालायचं. देवघरात दिवा लावून भागवलं नाही. आजही इथली माणसं निनैवु नाळला अनाथाश्रमात नाहीतर वृद्धाश्रमात एक वेळचं जेवण देतात. फळ्यावर खडूने त्या दिवशी कुणाच्या नावाचं जेवण ते लिहितात, दुसऱ्या दिवशी पुसतात.

ट्यूबलाईट
देवळातल्या ट्यूबलाईटवर "उपयम् अमुक", म्हणजे अमक्याची देणगी, लिहितात ते विसरलात. नाव एवढं मोठं की उजेडच बाहेर येत नाही, हाहा. मदुरैला पंख्याच्या तिन्ही पात्यांवर वाचलंय, पंखा बंद असेपर्यंतच पुण्य.

पेठेतला_पोपट
हाहा. आपल्या बागांमधली बाकं आठवली, "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ", बसायला गेलं की पाठीला नाव टोचतं. पण बघा, बाक उपयोगी आहे, जेवण उपयोगी आहे. पोस्टरचा उपयोग काय ते सांगा कुणीतरी.

सत्यशोधकाचा_नातू
उपयोग सांगतो. पेरियारांच्या स्वाभिमान चळवळीतल्या घरांनी भटजी बंद केला, करुमादी म्हणजे मरणानंतरचे विधी बंद केले. मग माणूस गेल्यावर करायचं काय? तर "पडत्तिरप्पु", म्हणजे फोटोचं अनावरण. मांडव घालायचा, गावाला बोलवायचं, कुणीतरी पडदा ओढून फोटो उघडायचा आणि ज्यांना बोलायचंय त्यांनी माणसाबद्दल बोलायचं. विधीच्या जागी फोटो आला, मंत्राच्या जागी भाषण. आता तर देवभोळ्या घरातही करतात. माझे आजोबा सत्यशोधकी वळणाचे, आमच्याकडे पण शोकसभाच झाली होती, त्यामुळे मला हे अजिबात परकं वाटलं नाही. ज्याला गाभाऱ्यात जागा नव्हती त्याला भटजीच्या श्राद्धात तरी कुठली? भिंत सगळ्यांची असते. आणि हे आजचंही नाही, लढाईत पडलेल्याचा दगड उभा करायचा, त्यावर नाव आणि पराक्रम, त्याला तिकडे नडुकल म्हणतात आणि आपल्याकडे वीरगळ. तिरुक्कुरळ या जुन्या तमिळ ग्रंथात एक सैनिक शत्रूला सांगतो की माझ्या राजासमोर उभे राहू नका, आधी उभे राहिलेले कितीतरी आता दगड होऊन उभे आहेत. पोस्टर म्हणजे कागदाचा वीरगळ समजा.

फ्लेक्सग्रस्त
वीरगळ पुढाऱ्याच्या फोटोसकट नव्हते हो. आणि जातीच्या पुढाऱ्याचा फोटो कोपऱ्यात असतो तो तुम्हाला दिसत नाही का? खेड्यात अशा पोस्टरवरून मारामाऱ्या होतात. कुणी फाडलं, कुणी शेण मारलं, की सुरू.

सत्यशोधकाचा_नातू
दिसतो, आणि ते मला पण आवडत नाही. हे मान्य.

स्कारबरोची_मामी
उशिरा आले, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. टोरोंटोजवळ राहते, आमच्या गल्लीत निम्मी घरं श्रीलंकेतल्या जाफनाकडच्या तमिळांची. त्यांच्या मरणाच्या आणि स्मृतिदिनाच्या निवेदनात आधी माणसाचं गाव येतं, अमुक बेट "पिरप्पिडम्" म्हणजे जन्माचं ठिकाण, मग कॅनडा "वदिविडम्", राहायचं ठिकाण. मधे कधी कोलंबो, कधी जर्मनी. मग अमक्याची मुलगी, तमक्याची सून, लंडनच्या अमक्याची बहीण. तारखांवर ते "मलर्वु" आणि "उदिर्वु" लिहितात, उमललं आणि गळून पडलं. एक निवेदन वाचलं की अख्खं घर जगभर कसं विखुरलं ते कळतं. आणि एकतिसाव्या दिवशी पुस्तिका वाटतात, कल्वेट्टु म्हणतात तिला, शब्दशः शिलालेख. त्यात तेवारम् म्हणजे शिवाच्या तमिळ स्तोत्रांची पदं, माणसाचं चरित्र, वंशावळ. शेजारणीच्या सासऱ्यांची माझ्याकडे आहे, मला वाचता येत नाही तरी टाकवत नाही. "नूलहम" नावाच्या डिजिटल ग्रंथालयाने अशा पुस्तिका जपल्यात, गावांचा इतिहास लिहायला त्याच कामाला येतात. घ्या पोपटभाऊ, हा उपयोग.

दुसरं असं, की "घरात रडा" हे सांगणं माझ्या त्या शेजारणीला चालत नाही. तिचा भाऊ 2009 मध्ये श्रीलंकेतल्या यादवी युद्धाच्या शेवटी मुळ्ळिवाय्क्कालला मारला गेला. तिकडे त्यांच्या माणसांची आठवण उघड काढायलाच कित्येक वर्षं बंदी होती, जाफना विद्यापीठातलं स्मारक 2021 च्या जानेवारीत रातोरात पाडलं, मुलं उपोषणाला बसली तेव्हा परत बांधू दिलं. 18 मेला, युद्ध संपलं त्या तारखेला, ती नुसती मीठ घातलेली कांजी म्हणजे तांदळाची पेज करते आणि दारोदार वाटते, लढाईत तेवढंच मिळत होतं म्हणून. पहिल्या वर्षी मी विचारलं यात नारळाचं दूध घालू का. अजून लाज वाटते.

पेठेतला_पोपट
मामी, ते वेगळं. जिथे आठवण काढू देत नाहीत तिथे ती उघडच काढली पाहिजे, त्याला माझा विरोध नाही. माझा विरोध माझ्या नाक्यावरच्या भावी नगरसेवकाला आहे.

कावेरीकाठ
मग पहिल्याच कमेंटमध्ये तेवढंच लिहायचं होतं ना!

वेळाचेरीकर
अपडेट. सेक्रेटरी साहेब काल स्वतः खाली गेले सांगायला. गाडीवर आता अण्णांचा मुलगा असतो. तो म्हणाला, काढतो सार, पण घरी आईला काय सांगू, नाहीतर दोन आठवडे थांबा, ऐप्पसी महिना लागला की पाऊसच काढेल. सेक्रेटरी साहेब काही बोलले नाहीत, दोन शर्ट देऊन वर आले. ग्रुपवर तेव्हापासून पार्किंगचं भांडण सुरू आहे.

फ्लेक्सग्रस्त
कागद असेल तर ठीक. फ्लेक्सवर मी ठाम आहे.