मॉक ड्राफ्ट म्हणजे राशिभविष्य? (बेअर्सचा दहावा पिक आणि इतर दुःखं)

सोल्जरफील्डकर – शुक्रवार, २५ एप्रिल २०२५, सकाळी

काल रात्री एनएफएल ड्राफ्टचा (अमेरिकन फुटबॉलच्या टीमनी कॉलेजातले खेळाडू पाळीपाळीने निवडायचा) पहिला राउंड संपायच्या आतच खवट_नारळ यांनी पोस्ट टाकली: "शिकागो बेअर्सनी दहाव्या नंबरवर टाइट एंड कोल्स्टन लव्हलँड उचलला. जानेवारीपासून मॉक ड्राफ्ट करत बसलेल्या विद्वानांनो, कुठे आहात? पेपरातला राशिभविष्यवाला बरा, तो 'धनलाभ संभवतो' म्हणून सुटतो. तुम्ही नाव, गाव, उंची, वजनासकट चुकता."

दोन ओळीत सोडून देणार होतो, पण त्याखाली लाइक्स बघून डोकं फिरलं.

मॉक, म्हणजे कोण कुणाला घेईल याचा आधीच केलेला अंदाज, दोन प्रकारचे असतात. एक, 'मी जनरल मॅनेजर असतो तर कुणाला घेतलं असतं'. दुसरा, 'रायन पोल्स (बेअर्सचा जनरल मॅनेजर) कुणाला घेईल'. पहिला हा हट्ट आहे, दुसरा अभ्यास. लोक पहिला करतात, दुसरा म्हणून छापतात आणि मग तुमच्यासारख्यांना आयतं सापडतं.

आता दुसरा प्रकार कसा चालतो ते बघा. गेल्या सीझनला आपला क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) केलेब विल्यम्स ६८ वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू फेकायच्या आत पाडला गेला. जानेवारीत बेन जॉन्सन कोच म्हणून आला. मार्चमध्ये बेअर्सनी चीफ्सकडून जो थूनी आणला, रॅम्सकडून जोना जॅक्सन, आणि सेंटरला ड्रू डॉलमन साइन केला. म्हणजे लाइनचा, त्याला वाचवणाऱ्या भिंतीचा, मधला भाग बाजारातून विकत घेऊन झाला. त्यासाठी दहावा पिक कुणी जाळणार नाही, हे मार्चमध्येच कळलं. राहिलं काय? लेफ्ट टॅकल (लाइनच्या कडेचा), एज (समोरच्या क्वार्टरबॅकवर धावून जाणारा), रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा), टाइट एंड (अडवणारा आणि झेलणाराही). जॉन्सनने डेट्रॉइटला टाइट एंड सॅम लापोर्टाचं काय केलं हे ज्याने पाहिलंय त्याला टाइट एंड म्हटल्यावर धक्का बसायचं कारण नाही. बऱ्याच मॉकमध्ये दहाव्याला पेन स्टेटचा टायलर वॉरेन होता. पोझिशन बरोबर, नाव चुकलं. राशिभविष्यात हे जमवून दाखवा.

खवट_नारळ – शुक्रवार, सकाळी

वा. 'पोझिशन बरोबर, नाव चुकलं.' मुलीच्या लग्नात मांडव बरोबर, नवरा चुकला असं म्हणणार का?

आणि तुमच्या स्वतःच्या मॉकमध्ये दहाव्याला कोण होतं ते सांगा ना. केल्विन बँक्स! तो नवव्याला सेंट्सनी नेला. तुमचा अभ्यास एक पिकसुद्धा टिकला नाही.

मुद्दा असा की ज्यांना याच कामाचा पगार मिळतो, त्यांनाच कळत नाही. २०१७ आठवा. आपल्याच बेअर्सनी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर जायला फोर्टी-नायनर्सना वर तीन पिक दिले आणि घेतला कोण, क्वार्टरबॅक मिच ट्रुबिस्की, जो फसला. त्याच्याहून सरस क्वार्टरबॅक मागेच होते: महोम्स दहाव्याला गेला, वॉटसन बाराव्याला. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांचा ड्राफ्टवर पेपर आहे. एकाच पोझिशनवर आधी निवडलेला खेळाडू त्याच्या लगेच नंतर निवडलेल्यापेक्षा सरस निघण्याची शक्यता साधारण ५२ टक्के. नाणं उडवा, पेट्रोल वाचवा.

पॅकर्सवाला_पंत – शुक्रवार, दुपारी

ट्रुबिस्कीचं नाव निघालं की मला जेवण चांगलं जातं.

आमच्या पॅकर्सच्या ग्रीन बेला ड्राफ्ट चालू आहे, लँबो स्टेडियमच्या बाहेर काय गर्दी! आणि २००२ च्या जेव्हॉन वॉकरनंतर पहिल्यांदा आम्ही पहिल्या राउंडमध्ये रिसीव्हर (चेंडू झेलणारा) घेतला, मॅथ्यू गोल्डन. दरवर्षी मॉकवाले आमच्या नावापुढे रिसीव्हर लिहायचे आणि दरवर्षी तोंडावर पडायचे. वीस-बावीस वर्षं एकच उत्तर लिहिलं की एकदा बरोबर येतंच. चालू द्या.

सोल्जरफील्डकर – शुक्रवार, दुपारी

नारळराव, पेपर वाचलात की नुसता आकडा ऐकलात? ते ५२ टक्के खेळाडू पुढे कसा निघतो याबद्दल आहेत. कुणाला कोण निवडेल याबद्दल नाहीत. ट्रुबिस्की वाईट निघणार हे ओळखणं वेगळं, बेअर्स ट्रुबिस्की घेणार हे ओळखणं वेगळं. मॉक फक्त दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. पोल्सला अक्कल आहे की नाही हा त्याचा विषयच नाही, त्याला काय आवडतं एवढंच बघायचं.

आणि कुणा एकाचा मॉक घेऊच नका. शेकडो मॉक एकत्र करून कोणता खेळाडू साधारण कुठल्या टप्प्यात जाईल हे काढणारे लोक आहेत. त्यांचा टप्पा बराच खरा ठरतो.

खवट_नारळ – शुक्रवार, दुपारी

बराच खरा ठरतो? क्वार्टरबॅक शेदूर सँडर्स कुठाय मग? त्याला पहिल्या राउंडमध्ये बसवलेले मॉक मोजायला रात्र पुरणार नाही. पहिला राउंड संपला, पोरगा घरी बसलाय.

२०२३ सुद्धा आठवा. रेडिटवर कुणीतरी निनावी लिहिलं की क्वार्टरबॅक विल लेव्हिसने घरच्यांना सांगितलंय, पँथर्स मला पहिला घेणार. तेवढ्यावर सट्ट्याचा भाव हलला. पोरगा ३३ व्याला गेला. तुमच्या 'शेकडो मॉक'मध्ये असलीच अफवा शंभरदा फिरते आणि तुम्ही तिला सरासरी म्हणता.

सोल्जरफील्डकर – शुक्रवार, दुपारी

क्वार्टरबॅकच्या बाबतीत तुमचं म्हणणं मान्य. टीव्हीवाल्यांचा क्वार्टरबॅक आणि टीमच्या खोलीतला क्वार्टरबॅक हे दोन वेगळे प्राणी असतात. गेल्या वर्षी फाल्कन्सनी क्वार्टरबॅक कर्क कझिन्सला १८ कोटी डॉलरचा करार देऊन सहा आठवड्यांत आठव्याला दुसरा क्वार्टरबॅक, पेनिक्स, घेतला, ते माझ्या बापालाही दिसलं नसतं. पण म्हणून सगळं थोतांड ठरत नाही.

नेपरव्हिलची_सून – शुक्रवार, संध्याकाळी

तुमचं कोण कुठे जाणार ते चालू द्या. मला कळत नाही की या प्रकाराचं तुम्हाला काहीच कसं वाटत नाही. बावीस वर्षांचा मुलगा, देशातला सर्वांत चांगला, आणि त्याने कुठल्या गावात, कुणाच्या हाताखाली नोकरी करायची हे तो ठरवत नाही. बत्तीस कंपन्या रांग लावून त्याला वाटून घेतात. बाकी कुठल्याही धंद्यात याला काय म्हणाल?

पहिल्या ड्राफ्टचा, १९३६ चा, पहिला पिक जे बर्वँगर. आपल्याच युनिव्हर्सिटी ऑफ शिकागोचा. ईगल्सनी घेतला, हक्क बेअर्सचा मालक हॅलस याच्याकडे आले, पैशावर जमलं नाही. तो एनएफएलमध्ये एक सामना खेळला नाही. दुसऱ्या टीमकडे जायची सोयच नव्हती.

खवट_नारळ – शुक्रवार, संध्याकाळी

ताई, कॅम वॉर्डला चार वर्षांचे जवळपास ४.९ कोटी डॉलर मिळणार आहेत. त्याच्यासाठी माझे अश्रू शिल्लक नाहीत.

नेपरव्हिलची_सून – शुक्रवार, संध्याकाळी

तो पहिला पिक. मी २०० व्या पिकबद्दल बोलतेय. लीगमधली सरासरी कारकीर्द तीन-साडेतीन वर्षांची, हा खेळाडूंच्या संघटनेचाच आकडा. रूकी (नवख्या खेळाडूचा) करार चार वर्षांचा, आणि तिसरा सीझन संपेपर्यंत फेरबोलणी करायची नाहीत. म्हणजे स्वतःची किंमत विचारायची वेळ येईपर्यंत बहुतेक पोरं घरी गेलेली असतात. यापेक्षा अनड्राफ्टेड (कुणीच न निवडलेला) बरा, त्याला निदान फोनवर 'नाही' म्हणता येतं.

हे मला टोचतं कारण मी यातून गेलेय. एच-वनवर (कंपनीच्या नावावरच्या कामाच्या व्हिसावर) होते तेव्हा ज्या कंपनीने ग्रीन कार्डची फाइल उघडली तिने मला सांगितलं की पगारवाढीचं यंदा बघू. दरवर्षी 'यंदा बघू'. त्यांना माहीत होतं की मी हलणार नाही.

पॅकर्सवाला_पंत – शुक्रवार, संध्याकाळी

आता हे कुठे निघालं?

वडगावचा_विनू – शुक्रवार, रात्री

चुकीची तुलना. एच-वन ट्रान्सफर होतं, नवी कंपनी पिटिशन टाकते आणि तुम्ही काम सुरू करता. ड्राफ्टमध्ये तसं नाही. मी स्वतः दोनदा बदललंय. लोक उगाच घाबरून बसतात आणि मग कंपनीला शिव्या घालतात.

नेपरव्हिलची_सून – शुक्रवार, रात्री

उगाच? आय-१४० (कंपनीने टाकलेला ग्रीन कार्डचा अर्ज) मंजूर व्हायच्या आधी एच-वनचं सहावं, शेवटचं वर्ष संपत आलं की कळतं 'उगाच' म्हणजे काय ते. तुमची प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डच्या रांगेतली तारीख) कुठली होती हो? बहुतेक २००० च्या आसपासची. तेव्हा आलेल्यांचा सल्ला मला कायम फार आवडतो.

वडगावचा_विनू – शुक्रवार, रात्री

माझ्या तारखेवर जाऊ नका. आम्हीही भोगलंय, फक्त त्याचं भांडवल केलं नाही.

आणि ड्राफ्टबद्दल म्हणाल तर जॉन एल्वेने १९८३ ला कोल्ट्सना नाही म्हटलं, बेसबॉल खेळेन म्हणाला, गेला डेन्व्हरला. ईलाय मॅनिंगने २००४ ला चार्जर्सना झुलवलं, गेला जायंट्सला. हिंमत असली की रस्ता निघतो.

नेपरव्हिलची_सून – शुक्रवार, रात्री

एल्वेच्या हातात यँकीजचा बेसबॉलचा करार होता. ईलायच्या मागे अख्खं मॅनिंग घराणं. ज्याच्या मागे कुणी नाही त्याने कुठली हिंमत दाखवायची? याझू स्मिथने दाखवली होती, वॉशिंग्टनचा १९६८ चा पिक. मान मोडली, कारकीर्द संपली, कोर्टात गेला. १९७८ ला कोर्टाने सांगितलं की त्या वेळचा ड्राफ्ट मक्तेदारीविरोधी कायद्यात बसत नाही. मग आज कसा चालतो? युनियनच्या करारात घालून घेतला म्हणून. आणि त्या करारावर सह्या कुणाच्या? आधीच लीगमध्ये असलेल्यांच्या. २०११ ला रूकींचे पगार कापले तेव्हाही तेच. २०१० चा पहिला पिक सॅम ब्रॅडफर्ड, ७.८ कोटी. पुढच्याच वर्षी कॅम न्यूटन, २.२ कोटी. आधी आत आलेले नंतरच्यांचं ठरवतात. विनूभाऊ, ओळखीचं वाटतंय का काही?

खवट_नारळ – शुक्रवार, रात्री

हे मात्र बरोबर बोललात. वाईट वाटतंय, पण बरोबर बोललात.

सोल्जरफील्डकर – शुक्रवार, रात्री

माझा धागा होता हो हा. बेअर्सचा ३९ वा पिक आलाय. माझ्या मॉकमध्ये रनिंग बॅक ट्रेव्हियन हेंडरसन, ओहायो स्टेट. आणि पेट्रियट्सनी त्याला ३८ व्याला उचलला!! एका पिकने! काल बँक्स, आज हा. कुणीतरी माझी एक्सेल पुढच्या टीमला पाठवतंय.

पॅकर्सवाला_पंत – शुक्रवार, रात्री

🤣🤣 जेवण झालं होतं, पुन्हा भूक लागली.

सोल्जरफील्डकर – शुक्रवार, रात्री उशिरा

३९ व्याला रिसीव्हर लूथर बर्डन. ४१ वा बिल्सना विकून मागे गेले. ५६ व्याला टॅकल, ओझी ट्रॅपिलो. लाइन आणि हत्यारं, सकाळी म्हटलं तसंच चाललंय. फक्त रनिंग बॅक अजून नाही. टाइट एंड कोल कमेटला पाच कोटी डॉलरचा करार देऊन वर लव्हलँड घेतलाय, म्हणजे दोन टाइट एंड लावून धावणार हे उघड आहे. मग धावणारा कुठाय?

एडिसनकर – शुक्रवार, रात्री उशिरा

मी फेब्रुवारीपासून एकच नाव सांगतोय. रनिंग बॅक काइल मोनंगाय, रटगर्स युनिव्हर्सिटी. आमच्या पिस्कॅटवेच्या स्टेडियममध्ये थंडीत कुडकुडत त्याला पाहिलाय. २०२३ ला बिग टेनमध्ये (कॉलेजांच्या लीगमध्ये) धावून सर्वांत जास्त यार्ड. कॉलेजभर साडेसहाशेच्या वर कॅरी (चेंडू घेऊन धावा) आणि एकही फंबल (चेंडू हातातून सुटणं) नाही. उंची कमी म्हणून कुणी बघत नाही.

खवट_नारळ – शनिवार, सकाळी

फेब्रुवारीपासून तुम्ही तो जायंट्सना, जेट्सना, ईगल्सना आणि एकदा काउबॉइजनाही दिलाय. जुने धागे आहेत इथे.

एडिसनकर – शनिवार, सकाळी

बेअर्सनाही दिलाय. तोही धागा शोधा की.

सोल्जरफील्डकर – शनिवार, दुपारी

शेदूर १४४ व्याला, ब्राउन्स, पाचवा राउंड. ब्राउन्सनी तिसऱ्या राउंडमध्ये आधीच डिलन गेब्रिएल घेतलाय. याला अभ्यासात कुठे बसवायचं ते मला विचारू नका.

खवट_नारळ – शनिवार, दुपारी

विचारत नाही. नुसता बघतोय.

एडिसनकर – शनिवार, संध्याकाळी

२३३!!! काइल मोनंगाय, शिकागो बेअर्स!!! कुणी हसलं होतं इथे? हात वर करा!

खवट_नारळ – शनिवार, संध्याकाळी

अभिनंदन. पण घराजवळचा मुलगा बत्तीसपैकी निम्म्या टीमना देऊन ठेवायचा आणि त्यातल्या एकीने घेतला की नाचायचं, याला भाकीत म्हणत नाहीत, शेजारधर्म म्हणतात.

सोल्जरफील्डकर – शनिवार, संध्याकाळी

सातव्या राउंडला रनिंग बॅक मिळणार असेल तर ३९ व्याला खर्च कशाला, असं पोल्सने धरलं असणार. यावरून पुढच्या वर्षीचा अंदाज...

वडगावचा_विनू – शनिवार, रात्री

ताई, वरच्या उत्तराबद्दल: माझी तारीख २००४ ची आहे. ईबी-थ्री (ग्रीन कार्डचा एक वर्ग). माहिती नसताना बोलू नये.

नेपरव्हिलची_सून – शनिवार, रात्री

मग २००७ च्या जुलैत सगळ्या तारखा एकदम करंट (म्हणजे रांग मोकळी) झाल्या तेव्हा तुमचा अर्ज आत गेला असणार. माझी २०१२ ची. आकडे मांडायचेच असतील तर नवीन धागा काढा, इथे लोकांना फुटबॉल बोलायचंय म्हणे.

खवट_नारळ – शनिवार, रात्री

सोल्जरफील्डकर, ती एक्सेल मला पाठवा. पटलंय म्हणून नव्हे. पुढच्या एप्रिलला काय काय चुकलं ते ओळीने दाखवायला मूळ प्रत हवी.

सोल्जरफील्डकर – शनिवार, रात्री

पाठवली. दुसरा टॅब बघू नका, त्यात २०२६ आहे.