दोन एक्स्टेंडर लावूनही वरच्या मजल्यावर वायफाय सारखं तुटतं

प्रश्न:
दुमजली जुनं घर, भिंती दीड फुटी विटांच्या. फायबर आणि राउटर तळमजल्यावर दाराशी. एक एक्स्टेंडर (राउटरचं वायफाय पकडून पुढे पाठवणारा डबा) जिन्यात, दुसरा वरच्या खोलीत. दुसरा पहिल्याकडूनच सिग्नल घेतो. लाइन १०० एमबीपीएसची. राउटरजवळ ९० मिळतो, वर जेमतेम ८ ते १०. फोनवर कांड्या पूर्ण दिसतात, तरी मीटिंग चालू असताना 'इंटरनेट नाही' येतं. राउटर बदलू का?

उत्तर १:
घाई नको, आधी तुटतं कुठे ते शोधा. लॅपटॉप केबलने राउटरला जोडून दोन पिंग (समोरून उत्तर येतं का ते पाहणारी छोटी हाक) सतत चालू ठेवा: एक राउटरच्या पत्त्याला (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१), दुसरा इंटरनेटवरच्या ८.८.८.८ (गूगलचा सर्व्हर) ला. फक्त दुसरा थांबला तर दोष बहुधा लाइनचा, तक्रार नोंदवा. दोन्ही थांबले तर राउटर किंवा त्याचा अडॅप्टर. जुना अडॅप्टर लोड आला की व्होल्टेज टाकतो आणि राउटर आपोआप रीस्टार्ट होतो. नवा घेताना व्होल्ट अगदी तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त.

दोन्ही पिंग सुरळीत आणि वर मात्र तुटतं, तर राउटर बहुधा निर्दोष आहे. फोनवरच्या कांड्या फोन ते एक्स्टेंडर एवढ्याच अंतराच्या असतात. एक्स्टेंडरला राउटर कसा ऐकू येतो, ते त्या सांगत नाहीत. शिवाय साधा एक्स्टेंडर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. तुमच्याकडे हे दोनदा होतंय.

उत्तर २:
दुसरा एक्स्टेंडर आजच काढा. पहिला जिथे वायफाय मेलंय तिथे नव्हे, त्याआधी अर्ध्या वाटेवर हवा. मोबाइलवरच्या वायफाय अ‍ॅनालायझरमध्ये त्या जागी राउटरचा सिग्नल उणे ६५ डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला) आसपास मिळाला पाहिजे. उणे ७५ ला भरवसा धरू नका. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी मध्ये येऊ देऊ नका.

राउटरमध्ये चॅनेल (वायफाय ज्या लहरींवर चालतं तो पट्टा) 'ऑटो'वर असेल तर काढा. राउटरने चॅनेल बदललं की एक्स्टेंडरला पुन्हा शोधाशोध करावी लागते आणि मीटिंग तिथेच तुटते. २.४ गिगाहर्ट्‌झला १, ६ किंवा ११ यांतलं मोकळं चॅनेल, रुंदी २० मेगाहर्ट्‌झ. ५ गिगाहर्ट्‌झला ३६ ते ४८; ५२ ते १४४ च्या पट्ट्यात बहुतेक चॅनेलवर रडारची चाहूल लागली की राउटरला जागा सोडावीच लागते.

उत्तर ३:
वरचं बरोबर, पण दीड फुटी भिंतींना खरा इलाज केबलच. कॅट ६ केबल वर न्या (१०० मीटरपर्यंत चालते) आणि वर अ‍ॅक्सेस पॉइंट (केबलने आलेलं इंटरनेट वायफायवर देणारा डबा) लावा. जुना राउटर वापरणार असाल तर त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ असा वेगळा करा (मुख्य राउटर १९२.१६८.०.१ वर असेल तर १९२.१६८.०.२), डीएचसीपी (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद करा आणि केबल वॅनमध्ये (बाहेरून इंटरनेट येण्याचं पोर्ट) नाही, लॅन (घरातल्या उपकरणांचं) पोर्टमध्ये घाला. डीएचसीपी चालू राहिलं तर घरात पत्ते वाटणारे दोघे होतात, आणि कांड्या पूर्ण असूनही इंटरनेट नाही, हेच पुन्हा होतं. नाव-पासवर्ड दोन्हीकडे एकच, चॅनेल वेगवेगळी.

प्रश्नकर्ता:
दोन्ही पिंग सुरळीत, वर मात्र तुटतंय. केबल बाहेरच्या भिंतीवरून नेली तर चालेल?

उत्तर ३:
चालेल, पण बाहेरची, काळ्या आवरणाची घ्या. घरातली पांढरी उन्हाने तडकते. खिडकीशी आत घेण्याआधी केबलला वीतभर खाली झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच ठिबकेल, आत येणार नाही.