ब्लूबॉनेट बोल गेला, कुणाचं काय अडलं?

जुना_ह्यूस्टनकर
परवा बोल सामन्यांच्या (अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा सीझन संपल्यावर होतात ते खास सामने) गप्पांत केटीकर लिहून गेले: "डिसेंबरातले निम्मे बोल फुटकळ आहेत, बंद करा. ह्यूस्टनचा ब्लूबॉनेट १९८७ ला बंद पडला, कुणाचं काय अडलं?" तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून सविस्तर.

अहो, फुटकळ कुणाला म्हणता? १९५९ ला राइस स्टेडियमवर सुरुवात झाली, क्लेमसन विद्यापीठाने टीसीयूला (टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठ) २३-७ लोळवलं. पुढच्याच वर्षी नामवंत प्रशिक्षक बेअर ब्रायंटची अलाबामा विरुद्ध टेक्सस विद्यापीठ. १९६८ ला बोल ॲस्ट्रोडोम या छपराच्या स्टेडियममध्ये आला आणि एसएमयूने (डॅलसचं सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ) ओक्लाहोमाला २८-२७ असं एका गुणाने हरवलं. त्या संघात जेरी लीव्हायस होता. साउथवेस्ट कॉन्फरन्समध्ये (मुख्यतः टेक्ससमधल्या कॉलेजांचा गट) फुटबॉलची स्कॉलरशिप मिळालेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. शिव्या, धमक्या, तोंडावर थुंकणं, सगळं सोसून खेळलेला पोरगा. त्याची कॉलेजची कारकीर्द ज्या बोलमध्ये संपली तो फुटकळ?

आणि बोल आपोआप नाही मेला. १९८६ ला तेलाचे भाव कोसळले आणि ह्यूस्टन बसलं. मी तेव्हा रिफायनरीच्या पाइपांची ड्रॉइंग्ज काढायचो. एका शुक्रवारी कंपनीने आमचा अख्खा मजला रिकामा केला, मलाही नारळ मिळाला. ओळखीतल्यांनी घराच्या किल्ल्या पाकिटात घालून बँकेला पाठवल्या आणि गाव सोडलं. नेमकं त्याच सुमारास बाकीचे बोल प्रायोजकांची नावं कपाळावर गोंदवून घेत होते. आमच्याकडे पैसे देणारं उरलं होतं कोण?

केटीकर
काका, नोकरीचं वाईट वाटलं, खरंच. पण टेक्ससमधल्याच एल पासोचं काय? तिथे काय सोन्याच्या खाणी होत्या? तरी त्यांनी १९८६ ला आपल्या सन बोलसाठी जॉन हॅनकॉक विमा कंपनी गाठली. १९८९ ला तर 'सन' शब्दच उडवला, नुसता जॉन हॅनकॉक बोल! लाज सोडली, बोल वाचवला. ॲरिझोनाच्या फिएस्टा बोलवाल्यांनी सनकिस्ट या संत्रीवाल्या कंपनीचे पैसे घेतले आणि जानेवारी १९८७ ला मायामी-पेन स्टेट, म्हणजे चक्क राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना, स्वतःच्या अंगणात खेळवला. ह्यूस्टन एवढं मोठं शहर, त्याला एक कंपनी सापडू नये? याला नालायकी म्हणतात.

ऑस्टिनवाली
सन बोलच्या पाठीशी १९६८ पासून सीबीएस होतं, हे सोयीस्करपणे गाळलंत. राष्ट्रीय चॅनल हातात असेल तर विमेवाला दारात येतो. नसेल तर तुम्ही त्याच्या दारात.

डॅलसची_मावशी
तेल, टीव्ही, काय काय लावलंय! कॉन्फरन्स सडली होती हे बोला की. एसएमयू खेळाडूंना चोरून पैसे वाटत होतं. फेब्रुवारी १९८७ ला एनसीएएने (कॉलेज खेळांची नियामक संस्था) त्यांचा अख्खा सीझन रद्द केला, आणि "हो, पैसे चालू ठेवा असं आम्हीच ठरवलं" म्हणून कबुली कोणी दिली? टेक्ससचे राज्यपाल आणि एसएमयूच्या मंडळाचे माजी अध्यक्ष बिल क्लेमेंट्स यांनी! बाकीच्या कॉलेजांची पापंही हळूहळू बाहेर येत होती. असल्या कॉन्फरन्सचे संघ घेऊन बोल चालवायचा तर होणार काय? आर्कान्सा शहाणी, वेळेवर सटकली. १९९६ ला कॉन्फरन्सच विसर्जित. माझे यजमान एसएमयूचे. त्या वर्षी आमच्या घरात शनिवारी टीव्ही लागत नसे. मला सांगू नका.

शुगरलँडचा_सदा
यात डोमचा दोष कुणीच बघत नाही? सुरुवातीला पारदर्शक छप्पर केलं, तर उन्हाच्या तिरिपीत बेसबॉलवाल्यांना चेंडू दिसेना. छपराला रंग फासला, तर गवत मेलं. मग मेलेल्या गवताला हिरवा रंग! शेवटी १९६६ ला ॲस्ट्रोटर्फ, म्हणजे नकली गवत. तो पांढरा हत्ती अजून उभाच आहे, आमच्या करांवर. पाडा एकदाचा.

जुना_ह्यूस्टनकर
सदाभाऊ, शुगरलँड फोर्ट बेंडमध्ये येतं. डोम हॅरिस काउंटीचा. तुमच्या घरपट्टीतला एक छदामही तिकडे जात नाही. गळे काढायचे तर निदान स्वतःच्या काउंटीच्या नावाने काढा.

शुगरलँडचा_सदा
मी हॅरिसमध्ये दुकान चालवतो, त्याचा कर भरतो. नीट माहिती नसताना अंगावर येऊ नका. आणि हॅरिसच्या मतदारांनीच नोव्हेंबर २०१३ ला डोमच्या नूतनीकरणाचे २१.७ कोटी डॉलरचे रोखे नाकारले ना? तुम्हीही त्यातलेच असाल!

जुना_ह्यूस्टनकर
मी बाजूने मत दिलं होतं. २००५ ला कत्रिनानंतर न्यू ऑर्लिन्सची माणसं त्याच डोममध्ये राहिली. आम्ही काही जण तिथे डाळ-भाताची पातेली घेऊन गेलो होतो. कॉटच्या रांगा, मध्ये पोरं लपाछपी खेळतायत. पाडा म्हणणं सोपं आहे.

डॅलसची_मावशी
कत्रिना कुठून आली इथे? विषय काय, चाललंय काय.

केटीकर
मावशी, एसएमयूही तसं कुठूनच आलं नव्हतं :)

डोमबद्दल मात्र सदाच्या बाजूने. मी पोरगेला असताना बाबांबरोबर तिथे गेलोय. टर्फचे पट्टे झिपने एकमेकांना जोडलेले. पॅंटला असते तशी झिप, फक्त मैदानभर लांब! त्यावर माणसं जिवाच्या आकांताने आपटत होती. कोपरं सोलवटून निघायची. असल्या जागेचं स्मारक करायचं?

पिट्सबर्गचा_पप्या
ब्लूबॉनेटचा शेवटचा सामना आमचा. ३१ डिसेंबर १९८७, टेक्सस ३२, पीट (पिट्सबर्ग विद्यापीठ) २७. आमच्याकडे क्रेग 'आयर्नहेड' हेवर्ड होता, नुसतं समोर यायची टाप नव्हती कुणाची. तरी हरलो. टेक्सस घरच्या राज्यात आणि डोममध्ये मोकळ्या खुर्च्या ढीगभर! स्वतःच्या लोकांनी तिकिटं काढली नाहीत, त्याला ना तेल जबाबदार ना टीव्ही. आधीची दोन वर्षं तर डोम सोडून परत राइसवर खेळवला होता. जागासुद्धा धड ठरत नव्हती.

ऑस्टिनवाली
३१ डिसेंबरची संध्याकाळ, हातात नोकरी नाही, तिकीट काढा म्हणे. ज्यांना पगार होता ते पार्टीत, ज्यांना नव्हता ते घरी.

केटीकर
बरं, तेलाचा मुद्दा अर्धा मान्य. अर्धाच! कारण २००० ला त्याच डोममध्ये नवा बोल आला, नाव काय तर गॅलरीफर्निचर डॉट कॉम बोल. ईस्ट कॅरोलायनाने टेक्सस टेकला ४०-२७ हरवलं. फर्निचरवाला सापडला की नाही? पुढे तो ह्यूस्टन बोल झाला, आणि २००६ पासून शहरात टेक्सस बोल आहे. म्हणजे गावात पैसा होता, मागायला कुणी गेलं नव्हतं.

जुना_ह्यूस्टनकर
२००० चं ह्यूस्टन म्हणजे १९८७ चं नव्हे, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि राज्याच्या फुलाचं नाव जाऊन सोफासेटवाल्याच्या वेबसाइटचं आलं, याला तुम्ही वाचवणं म्हणता? धन्य आहे.

पिट्सबर्गचा_पप्या
ते सोफे निदान विकले गेले. आणि डोमवाल्यांनो, २०१७ पासून तो राज्याचा संरक्षित वारसा आहे. परवानगीशिवाय वीटही हलवता येत नाही, तेव्हा भांडण निवांत चालू द्या.

शुगरलँडचा_सदा
लखलाभ तुमचा वारसा. रोडिओच्या (घोडे-बैलांच्या खेळांच्या) दिवसांत त्याच्या भोवतीच्या पार्किंगला पैसे मात्र आम्हा फोर्ट बेंडवाल्यांचे चालतात.