मुंबईसमोरच्या पाण्याची कायमस्वरूपी नोंद हवी की नको?

दादरकर: १९४०च्या दशकात कॅलिफोर्नियात सार्डिन मासळी घटली. दोष मासेमारीचा की बदललेल्या पाण्याचा, यावर भांडण जुंपलं. उत्तरेकडून थंड पाणी आणणाऱ्या कॅलिफोर्निया प्रवाहात ठरलेल्या जागी तापमान, क्षारता, प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), माशांची अंडी मोजायला त्यांनी १९४९ पासून सुरुवात केली. काम आजही चालू आहे. आपल्या अपोलो बंदरावरची नोंद १८७८ पासूनची, पण ती फक्त पाण्याच्या पातळीची. पाण्यात काय बदलतंय याचीही सलग नोंद इथे हवी, असं माझं ठाम मत.

वर्सोव्याचा पाग: पापलेट का घटलं ते कळायला इतकी वर्षं कशाला? बारीक पिल्लं ट्रॉलरवाले ओढतात, रात्री एलईडी लावून मासे गोळा करतात. तुमचा आलेख येईपर्यंत कोळीवाड्यात टॉवर उभे असतील.

दादरकर: कॅलिफोर्नियातही हेच म्हणत होते, आणि त्यात तथ्य होतं. पण तिथल्याच सांता बार्बराजवळच्या समुद्रतळातल्या गाळात सार्डिनचे खवले मोजले, तेव्हा दिसलं की मोठी मासेमारी सुरू होण्याच्या कित्येक शतकं आधीपासून ही मासळी वाढत-घटत आलीय. पडत्या काळात तितकंच ओढत राहिलात तर नुकसान दुप्पट. पडता काळ कुठला, ते नोंदीशिवाय कसं ओळखणार?

खारं पाणी: तुलनाच गडबडलीय. आपला किनारी प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे, हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो. पश्चिम किनाऱ्यालगत कमी प्राणवायूचं पाणी वर चढतं तेही पावसाळ्यात आणि त्यानंतर, म्हणजे बराच काळ समुद्र खवळलेला असताना. वर्षाला जहाजाच्या चार फेऱ्यांचा कॅलिफोर्नियाचा नमुना इथे कुचकामी. बोया, म्हणजे मोजणीची यंत्रं लावलेले तरंगते पिंप, नांगरून ठेवावे लागतील. नाहीतर गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहेच, तिलाच पैसे द्या. मुंबईत नवी पाटी कशाला?

वर्सोव्याचा पाग: बोयात जाळं अडकून फाटलं तर भरपाई कोण देणार?

दादरकर: मग बोया नकोत. डोल जाळी तुम्ही खुंटांना बांधून एकाच जागी लावता ना? तिथेच तापमापक बांधू.

खारं पाणी: कल्पना बरी आहे, पण भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, पाण्याला ओढ नसते, डोल लावायला कमी जण जातात. शिवाय १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी. नेमके हवे ते आठवडे कोरे.

वर्सोव्याचा पाग: बंदीत यंत्र सांभाळायला माणूस ठेवा, त्याला पगार द्या. आणि आकडे आधी आमच्या मच्छीमार सोसायटीत, मराठीत. हैदराबादच्या सरकारी समुद्र माहिती केंद्राकडून मासळी कुठे मिळेल याचे संदेश येतात, तेवढ्यावर भागत नाही.