कृतज्ञतेचं झाड: फांदी उभी कशी राहील?

प्रश्न: सणाला घरचे वीसेक जण जमणार आहेत. प्रत्येकाने कागदी पानावर आभाराचं एक वाक्य लिहून सुक्या फांदीला टांगायचं, असा बेत आहे. फांदी कुंडीत कशी रोवू? कागद कोणता घेऊ?

उत्तर १: प्लास्टर ऑफ पॅरिस वापरा. मापाने दोन भाग प्लास्टर, एक भाग पाणी. पाण्यात प्लास्टर घालायचं, उलटं केलं तर तळाशी गाठी राहतात. फांदी मधोमध धरून अर्धा तास हलू देऊ नका. काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात थेट ओतू नका. प्लास्टर घट्ट होताना तापतं, किंचित फुगतं आणि भांडं तडकतं. आधी प्लास्टिकच्या डब्यात ओता, मग तो डबा कुंडीत ठेवा. उरलेलं प्लास्टर सिंकमध्ये मुळीच नको, पाइप तुंबतो.

उत्तर २: कागद जाडसर, १८० ते २२० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). साधा कागद दोऱ्यावर लगेच वळतो. पान ८ बाय ५ सेंटिमीटर, भोक कडेपासून १ सेंटिमीटर आत, नाहीतर फाटतं. पन्नास पानं कापून ठेवा. चुका होतातच, आणि कुणाला दोघांचे आभार मानायचे असतात. चकचकीत कागदावर जेलची शाई फरफटते, बॉलपेन द्या.

उत्तर ३: दोरे आदल्या दिवशीच ओवा. लहान मुलांना गाठ जमत नाही, फास केला की पान नुसतं अडकवता येतं. आणि कोऱ्या पानासमोर माणसं अडतात, म्हणून वर छापा: ‘यंदा … यांनी माझ्यासाठी …’. मग आजीही झरझर लिहिते.