मदत हवी आहे: स्वाती ताऱ्याचा नारिंगी रंग फोटोत उतरत नाही

डोळ्यांना स्वाती छान नारिंगी दिसते, फोटोत मात्र पांढरा ठिपका येतो. एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरचा) कॅमेरा, ५० मिमी लेन्स, एफ/१.८, आयएसओ ३२००, ८ सेकंद, व्हाइट बॅलन्स ऑटो, जेपीजी. जागा ठाणे. फोकस अगदी टोकदार आहे. सॅच्युरेशन वाढवलं की आकाश पिवळं होतं, तारा तसाच. फिल्टर घ्यावा लागेल का?

प्रतिसाद १
फिल्टर नको. स्वातीची प्रत (तेजाचं माप; आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी) -०.०५, म्हणजे रात्रीच्या आकाशातला चौथ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा. एवढा प्रकाश मोजक्या पिक्सेलवर पडला की लाल, हिरवा, निळा तिन्ही काठोकाठ भरतात, आणि तिन्ही भरले की पांढरा. जो रंग नोंदलाच गेला नाही तो सॅच्युरेशनने कुठून येणार? शिवाय ८ सेकंदांत या लेन्सवर तारा सहा-सात पिक्सेल सरकतो.

एफ/२.८, आयएसओ ४००, १ सेकंद, आणि जेपीजीऐवजी रॉ (कॅमेऱ्याची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल). लेन्स मॅन्युअल फोकसवर टाका, लाइव्ह व्ह्यू १० पट मोठा करा आणि ठिपक्याची साधारण २० पिक्सेलची चकती होईपर्यंत रिंग फिरवा. चकती हवीच, कारण सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो. टोकदार तारा एखाद्या लाल पिक्सेलवर बसला तर खोटा लाल दिसतो. चकतीचा मध्य पांढरा पडला तर वेळ अर्धा करा.

प्रतिसाद २
व्हाइट बॅलन्स (कुठला रंग पांढरा धरायचा ते ठरवणारं सेटिंग) ऑटोवरून काढा. शहरी आकाशाचा पिवळा उजेड हाच 'पांढरा' समजून कॅमेरा तो खोडतो, त्यात ताऱ्याचा नारिंगीही जातो. ५२०० केल्विन कायम ठेवा.

खात्रीसाठी त्याच सेटिंगवर चित्रा हा निळसर तारा घ्या. सप्तर्षींच्या शेपटीची कमान पुढे वाढवली की आधी स्वाती, मग चित्रा. चित्रा सुमारे एका प्रतीने, म्हणजे अडीचपट मंद, म्हणून तिला अडीच सेकंद द्या. ती निळसर आली तर सगळं बरोबर. दोन्ही पांढरे आले तर प्रकाश जास्त झाला, दोन्ही पिवळट आले तर व्हाइट बॅलन्स चुकला.

प्रतिसाद ३
वेळही पाहा. मार्चमध्ये पूर्वेला नुकती उगवलेली स्वाती लाल-हिरवी लुकलुकते. तो हवेचा खेळ, ताऱ्याचा रंग नव्हे. क्षितिजापासून ४० अंशांच्या वर आल्यावरच फोटो घ्या. तिची क्रांती (आकाशातल्या विषुववृत्तापासूनचं अंतर) सध्या जवळपास १९ अंश उत्तर आणि मुंबई-ठाण्याचं अक्षांशही तेवढंच, त्यामुळे तुमच्याकडे ती अगदी डोक्यावरून जाते, मेअखेरीस रात्री साडेदहाच्या सुमारास. याहून चांगली जागा मिळणार नाही! फक्त कॅमेरा सरळ वर रोखला की सैल फोकस रिंग वजनाने हळूहळू सरकते. तिला कागदी चिकटपट्टी लावा आणि २ सेकंदांचा टायमर वापरा.

धागाकर्ता
आभार. चकती आता फिकट नारिंगी येते, पण संत्र्यासारखी गडद नाही. अजून काही चुकतंय का?

प्रतिसाद १
नाही, हाच खरा रंग. स्वातीच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे ४३०० केल्विन, घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बचं २७०० च्या आसपास. तापमान जास्त तितका रंग पांढऱ्याकडे झुकतो, म्हणजे स्वाती त्या बल्बपेक्षा पांढरीच. राक्षसी (फुगून प्रचंड झालेला) तारा म्हटलं की लोक लालभडक रंग ओढतात, तसं करू नका. गडद नारिंगी हवा असेल तर हिवाळ्यात रोहिणी तारा घ्या: सुमारे ३९०० केल्विन, आणि जवळजवळ एका प्रतीने मंद, म्हणून तिलाही दोन सेकंद चालतील.