फायनल फॅन्टसी : तेव्हा नावडलेला भाग आता कसा वाटतो? (अनुभव धागा)

फायनल फॅन्टसी या जपानी व्हिडिओ गेमच्या मालिकेचा विषय निघाला की सातव्या आणि दहाव्या भागावर कोणी भांडत नाही, मारामारी होते ती आठ, बारा, तेरा, पंधरावर. परवा तलावपाळीला शाळेतले चौघं भेटलो तर यावरच रात्रीचे अकरा वाजले, म्हणून म्हटलं इथेच विचारतो. नुसतं भारी किंवा भंगार लिहू नका, तेव्हा का सोडला आणि परत खेळल्यावर नेमकं काय वेगळं दिसलं ते सांगा, वर आपलं ठिकाण टाकून.

माझा आठवा. १९९९ चा गेम, मी कॉलेजला असताना कॉम्प्युटरवर खेळलो. यात शत्रूकडून जादू ओढायची, एकेक जादू शंभरपर्यंत साठवायची आणि ती आपल्या ताकदीला, एचपीला (म्हणजे जीव किती उरला तो आकडा) जोडायची. मी एकेका राक्षसासमोर बसून शंभर भरेपर्यंत ड्रॉ ड्रॉ ड्रॉ करत राहायचो, वर लेव्हल पण वाढवत बसायचो, आणि यात शत्रू आपल्या लेव्हलबरोबर वाढतात हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे जितकी मेहनत जास्त तितका गेम अवघड. तिसऱ्या डिस्कला सोडून दिला. २०१९ ला रीमास्टर (नव्याने सुधारलेली आवृत्ती) आला तेव्हा गेममधल्या पत्त्यांपासून सुरुवात केली. शत्रूला न मारता त्याचं कार्ड करून टाकायचं, एक्सपी (लेव्हल वाढवणारे गुण) मिळत नाही पण एपी (कौशल्यं शिकवणारे गुण) मिळतो, मग कार्डाचं सामान आणि सामानाची जादू. लेव्हल खाली आणि नायक स्क्वॉल मात्र एका फटक्यात राक्षस आडवा करतोय! गेम तोच होता, मी उलट्या बाजूने ढकलत होतो. फक्त बास्केटबॉल कोर्टवर सगळ्यांना एकदम आठवतं की आपण एकाच अनाथाश्रमातले, ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

नेरुळ
माझा तेरावा. दादाने आणलेला, आम्ही दोघांनी मिळून नावं ठेवलेली. बोगद्यातून चालल्यासारखं सरळ चालत राहायचं, मोकळं मैदान येतं ते अकराव्या चॅप्टरला, आणि एकूण चॅप्टर तेरा! ही तक्रार मी आजही मागे घेणार नाही. पण मुलगा झाल्यावर रजेत रात्री रात्री जागं राहायचं होतं म्हणून परत लावला. तेव्हा नायिका लाइटनिंग सोडून दुसऱ्या कोणाकडे मी बघितलंच नव्हतं, आता मला तिच्यासोबतचा सॅझ दिसला. त्याच्या केसात ते चोकोबो पक्ष्याचं पिल्लू असतं ना, ते त्याने पोराला भेट म्हणून घेतलेलं असतं. आठव्या चॅप्टरला त्याचा तो पोरगा डाज समोर येतो तेव्हा माझं पिल्लू मांडीवर झोपलेलं होतं, मी आवाज बंद करून नुसती अक्षरं वाचत होते, आणि पुढे वाचवेना म्हणून दहा मिनिटं तशीच बसून राहिले. लढाईसुद्धा आता कळली. रॅव्हेजर (जादूने मारणारी भूमिका) स्टॅगरचा, म्हणजे शत्रूला कोलमडवणारा, बार पटापट चढवतो पण तो टिकत नाही, कमांडोचा (हाणामारी करणारी भूमिका) एक फटका पडला की मग खाली यायचा वेग कमी होतो. हे उमगल्यावर मी पॅराडाइम (टीमच्या भूमिकांची मांडणी) बदलण्यासाठीच खेळायला लागले.

कळवा
बारावा. "गेम आपला आपणच खेळतो, मग मी काय करू" असं म्हणणाऱ्यात मी पुढे होतो. आता मी रबाळे एमआयडीसीत कंट्रोल पॅनलचं काम करतो, आणि २०१७ चा झोडिअॅक एज (बाराव्याचीच सुधारलेली आवृत्ती) लावल्यावर वाटलं अरे गॅम्बिट (साथीदारांनी आपोआप काय करायचं त्याच्या अटी) म्हणजे आपलंच काम आहे की. वरची अट आधी, ती लागू नसेल तरच खालची. मी आधी 'साथीदाराचा एचपी नव्वद टक्क्यांच्या खाली' असं सगळ्यात वर टाकायचो, मग तो नुसता क्युअर (जीव भरणारी जादू) मारत बसतो आणि एमपी (जादूचा साठा) संपवतो. पन्नासवर आणलं आणि टीम सुतासारखी सरळ. एक बॉस मी बटणाला हात न लावता पाडलाय, तो दिवस मी विसरणार नाही.

खारघर
पंधरावा, आणि माझं मत बदललेलं नाही. चार मित्र, गाडी, त्यातल्या इग्निसचा स्वयंपाक हे सगळं मान्य, पण राजधानी पडते ती नीट बघायला वेगळा सिनेमा बघावा लागतो, गेममध्ये दोन-चार तुकडे दाखवतात. राजाच्या पोराची गोष्ट आणि बाप जातो तेच नाही दाखवायचं? हां, शेवटी त्या चौघांतल्या प्रॉम्प्टोने काढलेल्या फोटोतला एकच निवडायला सांगतात तिथे मी बराच वेळ अडकलो होतो, तेवढं खरं.

ठाणे पूर्व
कोणी लिहिला नाही म्हणून दुसरा. १९८८ चा, यात लेव्हलच नाही, तलवार चालवली तर तलवार वाढते, मार खाल्ला तर एचपी वाढतो, म्हणून लोक आपल्याच माणसांना मारत बसतात आणि मग गेमला शिव्या घालतात. पिक्सेल रीमास्टर फोनवर घेतला आणि ठाणे-तुर्भे लोकलमध्ये रोज अर्धा तास खेळला, कोणाला न मारता, जसा आहे तसा. साथीदार मिन्वूला मी मन लावून वाढवला होता, सगळ्यांचा क्युअर तोच करायचा. आणि अल्टिमा या जादूचं दार उघडायला तो सगळी ताकद लावतो आणि जातो, परत येतच नाही. गाडी घणसोलीला उभी होती, मी मेनू उघडून नुसता बघत बसलो होतो.